ब्रशने बनवलेला डेटाबेस

आज बोलूया एका डेटाबेसबद्दल, जो चक्क ब्रश आणि जलरंगांनी तयार झाला.

साल १९३५, अमेरिका. महामंदीमुळे लाखो लोक बेकार, त्यात चित्रकारही आलेच. सरकारने त्यांना पगारी काम दिलं: देशातल्या जुन्या वस्तूंची हुबेहूब चित्रं काढा. कुठल्या वस्तू? तर साध्यासुध्या घरातल्या. गोधड्या, मातीचे रांजण, खेळणी, रंगवलेल्या लाकडी पेट्या. प्रकल्पाचं नाव 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन'. १९४२ पर्यंत सुमारे १८,००० चित्रं झाली. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा होता की! होता. पण रंगीत फोटो महाग पडायचे आणि रंगांचा भरवसा नसायचा. शिवाय गोधडीचा टाका न् टाका रंगवायचा तर आधी तो नीट बघावा लागतो. शिवण कुठे उसवलीय, रंग कुठे विटलाय, हे दिसल्याशिवाय ब्रश पुढे सरकत नाही. चित्रकाराने स्वतःची शैली बाजूला ठेवायची, वस्तूलाच बोलू द्यायचं. आणि चित्रासोबत माहितीचा कागद: वस्तू कोणी बनवली, कधी, कुठे, आता कोणाकडे आहे. म्हणजे आपला मेटाडेटाच!

ही कल्पना ज्या दोघींची, त्यांतल्या एक रूथ रीव्हज, कापडावरच्या डिझाइनच्या कलाकार. त्या १९५६ मध्ये भारतात आल्या, इथल्या हस्तकलांवर काम करत राहिल्या आणि १९६६ मध्ये दिल्लीतच वारल्या.

हे वाचताना मला आमच्या आजीची गोधडी आठवली. माझ्या फोनमध्ये तिचे सहा फोटो आहेत. आजी गेल्यावर एकदा झूम करून बघत होतो. मधलं हिरवं ठिगळ कोणाच्या लुगड्याचं, म्हणून आईला विचारलं. तिला माहीत नव्हतं. मामालाही नाही. फोटो आहे, पण त्यातली गोष्ट आजीबरोबर गेली.

म्हणून एक काम देतो. या रविवारी घरातली एक जुनी वस्तू घ्या, तासभर बसून पेन्सिलने काढा. वाकडंतिकडं आलं तरी चालेल. आणि खाली लिहा: कोणी बनवली, कधी, कशापासून. सांगणारं माणूस घरात आहे, तोवर विचारून घ्या.

भेटूया पुढच्या भागात!