पहिल्या प्रकरणाचा कस

(हिवाळी व्याख्यानमाला, सराफा, इंदूर : तिसरे पुष्प)

शोधनिबंधात किती भाग असतात, उद्दिष्ट कशाला म्हणायचे, गृहीतक कशाला, हे इथे बसलेल्या विद्यार्थ्यांचे वर्गात शिकून झालेले आहे. ते मी पुन्हा उगाळत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतो. निबंधाची सुरुवातीची दोन प्रकरणे आपले विधान कसाला लावण्यासाठी असतात. आपण काय सिद्ध करू पाहतो ते पहिल्या पानावर आले पाहिजे, आणि त्याला लागूनच, काय हाती आले तर ते विधान सोडून द्यावे लागेल, हेही आले पाहिजे. आपल्याकडे काय होते? विषय कोणताही असो, पहिले प्रकरण शहराच्या हवामानापासून निघते, होळकरांच्या वंशावळीतून जाते, १८१८ च्या मंदसोरच्या तहावरून राजधानी इंदूरला आणते, आणि चाळिसाव्या पानावर विद्यार्थ्याला आठवते की आपल्याला काही विचारायचे होते. ती माहिती खरी असते, कष्टाने गोळा केलेली असते. पण प्रश्नाला तिची गरज आहे का, हे कोणी तपासलेलेच नसते.

कस हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण आपण सराफ्यात बसलो आहोत. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासला की बारीक पिवळी रेघ उमटते. एवढ्याने काही कळत नाही. पितळेची रेघही पिवळीच असते. म्हणून सराफ शेजारी दुसरी रेघ ओढतो, ज्याचा कस त्याला आधीच ठाऊक आहे अशा सोन्याची. मग दोन्ही रेघांवर तेजाब फिरवतो आणि कोणती टिकते, कोणती फिकी पडते, ते निरखतो. दुसऱ्या प्रकरणातला ‘संबंधित साहित्याचा आढावा’ म्हणजे ही शेजारची रेघ. आपल्या बहुतेक प्रबंधांत मात्र ती यादी होऊन बसते: अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला, तमुक यांनी तमुक साली. तीस नावे ओळीने येतात आणि एकाही नावाशेजारी आपले विधान घासलेले नसते. जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने १९९० साली शोधनिबंधांच्या आरंभाची एक घडण दाखवून दिली: आधी क्षेत्र दाखवायचे, मग त्यात राहिलेली रिकामी जागा दाखवायची, मग ती आपण कशी भरणार ते सांगायचे. आपले विद्यार्थी पहिल्या पायरीवरच मुक्काम करतात.

उदाहरण याच गल्लीतले घेऊ. दिवसा सोन्याचांदीची दुकाने, आणि ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबा, खोपरा पॅटीस. असे का? आपण सगळे एकच उत्तर देतो: रात्री वर्दळ राहिली की दुकानांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच हे ठेले बसू दिले. उत्तर गोड आहे आणि कदाचित खरेही असेल. पण निबंध लिहायचा तर हे विधान दगडावर घासावे लागेल. मुंबईच्या झवेरी बाजारातही सोने आहे आणि चोराची भीतीही तीच. तिथे रात्री असा बाजार का उभा राहिला नाही? इंदूर तर मिलचे गाव होते. रात्रपाळीवर जाणाऱ्या किंवा पाळी संपवून परतणाऱ्या कामगारांमुळे गावाला उशिरा खाण्याची सवय लागली असेल, तर राखणीची कथा मागाहून जोडलेली ठरेल. मिलची गोष्ट खरी असेच मी म्हणत नाही. पहिल्या प्रकरणात तिला राखणीच्या कथेइतकीच जागा हवी, एवढेच माझे म्हणणे आहे. मग पालिकेचे जुने कागद, ओट्याच्या भाड्याचे व्यवहार, ठेल्यांच्या कुटुंबांत सांगितल्या जाणाऱ्या हकीकती, यांतले काय शोधायचे हे आपोआप ठरते. होळकरांचा इतिहास या निबंधात आला तर तो याच प्रश्नाच्या दारातून आत येईल.

मराठीत आरंभीचे प्रकरण कसे असावे, याचा थोर नमुना विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली घालून दिला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड निघाले. हा नमुना त्यांतल्या पहिल्या खंडात आहे. तो खंड १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा, त्यामुळे पानिपतच्या लढाईवर येऊन थांबणारा. त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी ग्रँट डफचा १८२६ चा मराठ्यांचा इतिहास घेतला, बखरी घेतल्या आणि अस्सल पत्रांशेजारी त्यांच्या रेघा ओढल्या. बखरकार म्हणतो फौज अमुक ठिकाणी होती, त्याच सुमाराचे पत्र काय म्हणते? पत्र टिकते, बखर फिकी पडते. ही कसोटी मराठी वाचकाला दाखवून देणे हेच त्या प्रस्तावनेचे मोठे काम, आणि पुढे त्यांच्या प्रस्तावना वेगळ्या ग्रंथरूपाने छापल्या गेल्या, त्या उगाच नाहीत. पण याच प्रस्तावनेत एक जागा अशी येते की तिथे इंदूरच्या माणसाने जरा थांबावे. पानिपतच्या पराभवाचा दोष वाटताना राजवाड्यांनी उत्तरेतले मराठी सरदार गोविंदपंत बुंदेले यांच्याबरोबर मल्हारराव होळकरांवरही मोठे खापर फोडले. (सभागृहात चुळबुळ.) १७५७ साली दिल्लीत मराठ्यांचा शत्रू रोहिला सरदार नजीबखान हाती आला असता मल्हाररावांनी त्याला वाचवले, आणि १४ जानेवारी १७६१ ला ते रणांगणातून निघून गेले, या दोन गोष्टी आरोपाच्या मुळाशी आहेत.

मागून कोणी म्हणाले, “मल्हारराव होते म्हणून इंदूर आहे!” (टाळ्या.) हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि मी इथे मल्हाररावांवर खटला भरायला आलो नाही. मला विचारायचे आहे ते असे: उद्या तुमच्यातल्या एका मुलीने या विषयावर निबंध घेतला, तर तिने पहिले प्रकरण कसे आखावे? ते रणांगणातून निघाले, हे कोणी नाकारत नाही. वाद आहे तो हेतूचा. एक बाजू म्हणते, ठरवून साथ सोडली. दुसरी परंपरा सांगते, मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांच्याच सांगण्यावरून बायकामाणसे सुखरूप काढण्यासाठी निघाले. हेतू पत्रात क्वचितच लिहिलेला असतो. म्हणून प्रत्येक साक्ष कोणी लिहिली, कधी लिहिली, कोणाला वाचून दाखवायला लिहिली, हे दुसऱ्या प्रकरणात मांडावे लागेल. लढाईच्या आठवड्यातले पत्र आणि पुढच्या पिढीत आपल्या घराण्याची बाजू मांडण्यासाठी तयार झालेली कैफियत, या एकाच कसाच्या रेघा नव्हेत. तिने पहिल्याच पानावर लिहावे की लढाईपूर्वीच्या एखाद्या विश्वसनीय पत्रात माघारीची आज्ञा सापडली तर ‘दगा’ हा शब्द मी मागे घेईन. आणि लढाईपूर्वीच नजीबाशी ठरल्याचा अस्सल कागद सापडला तर ‘आज्ञा’ हा शब्द. इंदूरच्या मुलीने हे लिहिणे अवघड आहे, पुण्याच्या मुलानेही तितकेच. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत १७६१’ डेक्कन कॉलेजने १९४६ साली प्रसिद्ध केले, म्हणजे राजवाड्यांनंतर जवळजवळ अर्धशतकाने तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला गेला. राजवाड्यांसारख्यांचा निकालही शेवटचा ठरत नाही. ज्या गावात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने भरली, त्या गावाला हे पेलेल असा माझा विश्वास आहे.

पानिपतात अर्धा तास गेला, घड्याळ दिसते आहे. आता आक्षेप. पहिला आक्षेप दप्तरात बसणाऱ्यांचा: आधी कागद पाहायचे, प्रश्न त्यातून निघतो, आधी विधान ठरवले तर कागद त्याच्या सोयीने वाचले जातात. या भीतीत तथ्य आहे. पण काहीही न विचारता कोणी दप्तर वाचत नाही. मनात प्रश्न असतोच, फक्त लिहिलेला नसतो, आणि न लिहिलेला प्रश्न गुपचूप बदलता येतो. म्हणून पहिले प्रकरण दोनदा लिहावे. एकदा कामाआधी, तारीख घालून, आणि एकदा सगळे संपल्यावर. दोन्हींत फरक पडला तर तो फरक वाचकाला सांगावा. दुसरा आक्षेप: विद्यापीठाचा साचा ठरलेला आहे, गाइडला तोच हवा असतो. साचा मथळे देतो. मथळ्याखाली काय लिहायचे ते आपल्याच हातात राहते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे पहिले पाच खंड प्रस्तावनेला दिले, म्हणून पहिल्या प्रकरणाच्या लांबीचे समर्थन करणारे कोणी भेटतात. पण तो ज्ञानकोश होता, एका प्रश्नाचा निबंध नव्हता. तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो: आपली दुखरी जागा आपणच दाखवली तर व्हायवाच्या दिवशी परीक्षक तिथेच बोट ठेवील. ठेवील, जरूर ठेवील. ती जागा त्याला एरवीही सापडणारच होती. फरक एवढाच की आता तुम्ही तिथे आधी जाऊन आला आहात, आणि काय उत्तर द्यायचे याचा विचार घाईत करावा लागत नाही.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे. बाहेर गराडूच्या कढया तापल्या आहेत, त्याचा वास इथवर येतो आहे. (हशा.) संशोधन पद्धतीच्या प्रकरणावर बोलायचे होते, ते आता राहिले. त्याऐवजी सराफ्याच्या त्या निबंधाचा पहिला परिच्छेदच वाचून दाखवतो. विद्यार्थ्यांनी हवा तर उतरवून घ्यावा.

“इंदूरच्या सराफ्यातला रात्रीचा खाद्यबाजार दागिन्यांच्या दुकानांच्या राखणीसाठी उभा राहिला, असे सर्वत्र सांगितले जाते. हे सांगणे किती जुने आहे आणि पहिल्यांदा कोणी सांगितले, हे या निबंधात आधी शोधले आहे. ठेल्यांना ओटे वापरू देण्यात दुकानदारांचा हेतू राखणीचा होता, असे माझे प्राथमिक विधान आहे. दुकानदार आणि ठेलेवाले यांच्या व्यवहारात राखणीचा उल्लेख कुठेच आढळला नाही, किंवा मिलच्या पाळ्यांच्या वेळा आणि ठेले सुरू होण्याच्या वेळा जुळल्या, तर हे विधान मी मागे घेईन, आणि तसे शेवटच्या प्रकरणात लिहीन.”