बॉयलर कोंबडीचा न लिहिलेला खर्च



गटाच्या वहीत आपण चहा-साखरेचा खर्चसुद्धा लिहितो. आज बॉयलर कोंबडीचा हिशोब मांडू या. गावठीपेक्षा ती स्वस्त पडते, म्हणून आखाडात किंवा पाहुणे आले की तीच आणली जाते. पण तिचा काही खर्च कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.

पहिला खर्च त्या मुक्या जिवाचा. गावठी कोंबडी अंगावर यायला पाच-सहा महिने लागतात. बॉयलरचं पिल्लू ४०-४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास जातं. छातीचं मांस झपाट्याने वाढतं, पाय तेवढे बळकट होत नाहीत. शेवटी कितीतरी पक्षी बसूनच असतात. अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीला तर शाळेच्या वहीच्या उघडलेल्या दोन पानांएवढीही जागा मिळत नाही. आपल्या अंगणातली कोंबडी माती उकरते, पंख झाडते, अंडं घालायला आडोसा शोधते. पिंजऱ्यात यातलं काहीच नाही.

दुसरा खर्च आपल्या अंगावर येतो. हजारो पक्षी दाटीने ठेवले की एकाचा आजार सगळ्यांना लागतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी आजार नसतानाही पाण्यातून, खाद्यातून अँटिबायोटिक देतात. कापसावर एकच औषध पुन्हा पुन्हा फवारलं की अळी दाद देत नाही, हे आपण पाहिलंय. जंतूंचंही तसंच. औषधाला सरावलेले जंतू विष्ठेतून, सांडपाण्यातून, कच्च्या मांसातून माणसापर्यंत पोचतात. अशा जंतूंनी बाळंतिणीची जखम चिघळली, लेकराला न्यूमोनिया झाला, तर नेहमीचं औषध चालत नाही. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी वापरायचं औषध. तेही कोंबड्यांना दिलं जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली.

तिसरा खर्च गावाचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. २०२१ मध्ये तिथे तो पुन्हा आला. दोन्ही वेळा लाखो पक्षी मारावे लागले. शेड रिकामी झाली की तिथे काम करणाऱ्या बायांची मजुरीही बुडते.

आता अवघड गोष्ट. आपल्यातल्याच काहींनी कर्ज काढून शेड उभं केलंय. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. जागा, वीज आणि कष्ट आपले. हप्ता तर भरावाच लागतो. त्यांना नावं ठेवून काही होणार नाही. शेडमधला उग्र वास आणि तुसाची धूळ आधी त्यांच्याच छातीत जाते.

म्हणून गटाने एवढं तरी ठरवावं. पशुवैद्यकीय डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पक्ष्यांना अँटिबायोटिक द्यायचं नाही. कंपनीच्या माणसाने बाटली आणली तर औषधाचं नाव विचारायचं आणि तारखेसह वहीत लिहायचं. औषध दिल्यावर जितके दिवस पक्षी विकू नये असं बाटलीवर लिहिलंय, तितके दिवस थांबायचं. मेलेले पक्षी ओढ्यात टाकायचे नाहीत. खड्ड्यात चुना टाकून पुरायचे.

घरी कच्चं मांस धरल्यावर हात साबणाने धुवायचे, विळी आणि पाट वेगळा ठेवायचा, मांस पूर्ण शिजवायचं. सर्दी-पडशाला दुकानातून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणायचं नाही.

अंडं-मांस सोडा, असं आम्ही म्हणत नाही. लहान मुलांना आणि गरोदर बाईला अंड्याचा आधार असतो. पण मटकी, हुलगे, चवळी, शेंगदाणे यांतही ताकद आहे. बॉयलर थोडी कमी खावी. जमेल तिने परसात पाच-दहा गावठी कोंबड्या मोकळ्या पाळाव्यात.

येत्या मासिक सभेत हा विषय घ्या. ज्यांचं शेड आहे, त्या ताईंना आधी बोलू द्या.