चाकं लॉक कधी करायची, सोडायची कधी?

आजचा विषय आहे मागे चालत चालवायचा दोन चाकी ट्रॅक्टर आणि त्याच्या हॅण्डलवरचा एक लिव्हर, डिफरन्शियल लॉक. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, पण कुठे गिअरबॉक्स उघडलेला दिसला की माझे पाय तिथेच थांबतात.

आधी हे डिफरन्शियल लागतं कशाला ते बघू. वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. किती जास्त? दोन चाकांमधलं अंतर 60 सेंटीमीटर धरा. पूर्ण यू-टर्न घेतला तर बाहेरचं चाक साधारण 1.88 मीटर जास्त चालतं. आणि गंमत अशी, की वळण छोटं घ्या नाहीतर मोठं, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बांधलेली असतील, तर हे पावणेदोन-दोन मीटर टायर घासूनच भरून काढावे लागतात. मग हॅण्डल तुमच्या हातांशी भांडायला लागतं. डिफरन्शियल दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देतं. आपल्या रिक्षाच्या मागच्या चाकांतही तेच असतं.

आता याची दुसरी बाजू. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. म्हणजे ज्या चाकाची पकड कमी, ते चाक ठरवतं की मशीन किती ओढणार. नांगरताना एक चाक तासात खाली असतं, दुसरं वर. मशीन कलतं, वजन खालच्या चाकावर जातं आणि वरचं हलकं होऊन जागेवर भिरभिरतं. इंजिनात दम आहे, डिझेल जळतंय, आणि मशीन मात्र तिथेच! लॉक टाकला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि पकड असलेलं चाक गाडी ओढून नेतं.

म्हणून सरळ तासात, जोर लावून ओढायचं असेल तर लॉक टाकायचा. तासाचं टोक आलं की वळायच्या आधी सोडायचा. चाक भिरभिरत असताना मात्र लॉक कधीच टाकू नका. आत दाते एकमेकांत बसायचे असतात, वेग वेगळा असेल तर ते आपटतात. थांबा, मग टाका. सोडताना निघत नसेल तर लिव्हरवर पाय देऊन जोर काढू नका (असे वीर मी पाहिलेत). आत ताण अडकलेला असतो. हॅण्डल जरा डावी-उजवीकडे हलवा किंवा मशीन थोडं मागे घ्या, अलगद सुटतो. उतारावर आडवं चालतानाही लॉक कामाला येतो, कारण वरच्या अंगाचं चाक हलकं झालेलं असतं.

हे सगळं खरं ते इटालियन पद्धतीच्या मशीनचं. बीसीएस ही कंपनी 1943 पासूनची, मिलानजवळच्या अब्बियातेग्रासोची. तिच्या 853 सारख्या मॉडेलला डिफरन्शियल आणि लॉक दोन्ही आहेत.

आपल्याकडे कोकणात खाचरात चिखलणी करतो तो पॉवर टिलर, व्हीएसटी शक्ती असो की केरळचा कॅमको, तो जपानी वळणाचा. त्याला डिफरन्शियल नसतं. दोन्ही हॅण्डलखाली साईड क्लच असतात. डावा दाबला की डाव्या चाकाचा जोर तुटतो आणि मशीन डावीकडे वळतं. म्हणजे एकात चाकं मुळातच सुटी, हवी तेव्हा लॉक करायची. दुसऱ्यात मुळातच लॉक, हवं तेव्हा एक सोडायचं. डिफॉल्ट सेटिंगच उलटी आहे! एकाची सवय दुसऱ्यावर चालवली तर फसायला होतं.

आणि आज मला खरं सांगायचंय ते इथेच. टिलरला ट्रॉली लावून तुम्ही उतारावरून येताय. गाडी आता इंजिन ओढत नाहीये, उलट इंजिन तिला मागे धरून ठेवतंय. अशात डावा साईड क्लच दाबला तर काय होईल? डावं चाक मोकळं सुटतं आणि पळतं. उजवं इंजिनाने धरलेलं. मशीन वळतं उजवीकडे! तुम्हाला जायचं होतं डावीकडे, आणि उजवीकडे दरी असू शकते. घाबरून माणूस तोच लिव्हर आणखी आवळतो. म्हणून तीव्र उतारावर साईड क्लचला हातच लावायचा नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच खालच्या गिअरमध्ये यायचं, मग हॅण्डल ढकलून वळवायचं आणि मधे मेन क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर नाहीच. क्लच दाबला की इंजिनाने धरलेली गाडी सुटली. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांचं मला काय सांगायचं ते कळत नाही.

तुमच्याकडे नक्की कोणतं मशीन आहे ते कळत नसेल तर इंजिन बंद करा, मशीन सपाट जागी ठोकळ्यांवर नीट टेकवून दोन्ही चाकं उचला आणि गिअर टाकून ठेवा. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेने फिरलं तर डिफरन्शियल आहे आणि लॉक सुटलेला आहे. लॉक टाकला की दोन्ही चाकं अडतील. पहिल्यापासून अडलेलीच असतील आणि एका बाजूचा लिव्हर दाबल्यावर तेवढंच चाक मोकळं फिरलं, तर तो साईड क्लचवाला टिलर. काय निघालं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात वाजवू.