२४ पायऱ्या आणि ९००० फेरे
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या क्षेत्राविषयी दहा मिनिटं बोल." माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. बँकांचे व्यवहार जुळवणारे प्रोग्रॅम मी गेली वीसेक वर्षं लिहिते आहे. ते ऐकवलं तर जेवणाआधीच तुम्ही झोपाल. म्हणून मी एका गाडीविषयी बोलणार आहे. गाडीचं नाव होंडा एस-२०००. दोन माणसांची, कापडी छप्पर मागे दुमडणारी, १९९९ साली आलेली आणि २००९ साली बंद झालेली.

पण सुरुवात आपल्या जिन्यापासून करावी लागेल. नववीत सरांनी 'कार्य आणि शक्ती' हा धडा शिकवला तो फळ्यावर नाही, त्या पूर्वेकडच्या जिन्यावर. २४ पायऱ्या, प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण चढ ३ मीटर ६० सेंटिमीटर. शेजारच्या धान्याच्या दुकानात मुलांची वजनं केली आणि एकेकाला पळत वर पाठवलं. आपल्या वर्गातला सगळ्यात दांडगा गडी, ६० किलोचा, ६ सेकंदांत वर पोचला. शक्ती ३५३ वॅट. ज्याला आपण 'पापड' म्हणायचो तो ३६ किलोचा, पण ३ सेकंदांत वर. ४२३ वॅट. पापड जिंकला! दांडग्याला ते पटलं नाही. आज तो इथे दुसऱ्या रांगेत बसलाय, अजूनही पटलेलं दिसत नाही.

हे आकडे मला आठवतात कारण ते मीच लिहिले होते. मुलींनी पळायचं नव्हतं. सरांनी त्यांचं घड्याळ माझ्या हातात दिलं आणि वही दिली. तेव्हा मला त्याचा मोठा मान वाटला होता. वाईट वाटायला पुढे सात वर्षं लागली.

आता गाडीकडे येते. इंजिनिअरिंगला मी मेकॅनिकलला होते. होस्टेलवर कुणीतरी आणलेल्या मासिकात या गाडीचा तांत्रिक तक्ता होता. इंजिन १९९७ सीसी, चार सिलिंडर एका ओळीत, टर्बो नाही. शक्ती २४० अश्वशक्ती, मिनिटाला ८३०० फेऱ्यांवर. टॉर्क २०८ न्यूटन-मीटर, ७५०० फेऱ्यांवर. फेऱ्यांची लाल रेघ ९००० ला. त्या वेळी रस्त्यावर दिसणाऱ्या मारुती ८०० ची शक्ती ३७ च्या आसपास होती, म्हणजे लिटरमागे सेहेचाळीसेक घोडे. इथे लिटरमागे १२०.

मला वाटलं, २४० म्हणजे काय जोर असेल! आणि इथेच मी फसले. जोर म्हणजे टॉर्क, आणि टॉर्क फक्त २०८. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पुढे स्विफ्ट डिझेल घेतली. तिच्या १२४८ सीसी इंजिनाचा टॉर्क १९० होता, तोही अवघ्या २००० फेऱ्यांवर. म्हणजे फिरवण्याच्या जोरात त्या स्पोर्ट्स कारमध्ये आणि आपल्या स्विफ्टमध्ये १८ चाच फरक. पण स्विफ्टची शक्ती ७५, हिची २४०. कारण शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. स्विफ्ट ४००० फेऱ्यांना दमते, ही ८३०० लाही जवळजवळ तेवढाच जोर लावत असते. स्विफ्ट म्हणजे आपला दांडगा, आणि ही पापड. वहीतले ३५३ आणि ४२३ मला त्या रात्री होस्टेलवर आठवले, आणि तो धडा खरा तेव्हा कळला.

९००० फेरे म्हणजे काय ते सांगते, कारण तक्त्यात तो नुसता आकडा दिसतो. मिनिटाला ९००० म्हणजे सेकंदाला १५०. पिस्टनची धाव ८४ मिलिमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडी जास्त. एवढ्याशा जागेत तो सेकंदाला ३०० वेळा थांबतो आणि उलटा फिरतो, आणि तरी त्याचा सरासरी वेग ताशी ९० किलोमीटर पडतो. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो.

अडचण जोराची नसते, श्वासाची असते. जिना पळत चढताना आपण तोंड उघडून धापा टाकतो, पण वर्गात बसून तसं केलं तर बाई बाहेर काढतील. इंजिनाचंही तसंच. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, ते व्हॉल्व्हला ढकलून उघडतात. उंचवटा ठेंगणा ठेवला तर इंजिन सिग्नलला शांत उभं राहतं, पण वेगात गुदमरतं. मोठा ठेवला तर वेगात झकास, सिग्नलला गचके. होंडाने दोन्ही ठेवले. जोडीच्या दोन व्हॉल्व्हना दोन साधे उंचवटे आणि मधे एक मोठा. एरवी मोठा नुसताच फिरतो. ६००० फेऱ्यांच्या आसपास तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, तिन्ही दांड्या एकमेकांत अडकतात आणि मग मोठ्याचं राज्य. याला व्हीटेक म्हणतात. १९८९ च्या इंटिग्रा गाडीत ते पहिल्यांदा आलं.

पिन कधी सरकवायची ते कोण ठरवतं? सॉफ्टवेअर. फेरे किती, इंजिनावर भार किती, पाणी तापलंय का. इंजिन थंड असेल तर पाय कितीही दाबा, पिन हलत नाही. अख्ख्या गाडीतला मला सगळ्यात आवडणारा निर्णय तो आहे, आणि तो माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलेल्या दोन-चार ओळींचा आहे.

मलाही तसं काही लिहायचं होतं. शेवटच्या वर्षी एका वाहन कंपनीची मुलाखत होती. त्यांनी विचारलं, "टॉर्क आणि शक्ती यांत फरक काय?" मी जिना सांगितला, दांडगा आणि पापड सांगितले. तिघंही हसले, एकाने ते कागदावर लिहूनही घेतलं. मग म्हणाले, "उत्तर उत्तम. पण शॉप फ्लोअरवर रात्रपाळीला मुलींची सोय नाही." म्हणजे पुन्हा वहीच. दोन महिन्यांनी मी सॉफ्टवेअरमध्ये होते. पगार जास्त होता, घरचे खूश होते, आणि खरं सांगायचं तर थोडी मीही होते. पण त्या मुलाखतीहून परतताना एसटीत मला पहिल्यांदा ते घड्याळ आठवलं.

पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. चार वर्षांपूर्वी एक जुनी एस-२००० विकत घेतली, पहिल्या आवृत्तीची. अमेरिकेत २००४ पासून इंजिन २१५७ सीसीचं केलं, पिस्टनची धाव ९०.७ मिलिमीटर झाली आणि लाल रेघ ८००० वर आली. गावात चालवायला ती बरी, असं लोक म्हणतात. म्हणोत. नवरा म्हणाला, "दोन सीटची गाडी, पोरं कुठे बसवणार?" पोरं म्हणाली, आळीपाळीने.

गाडी घेतल्यावर काही गोष्टी कळल्या. छप्पर काढलं की गाडी झाकण काढलेल्या बुटाच्या खोक्यासारखी पिळवटते, म्हणून हिच्या तळातून, मधल्या बोगद्याच्या उंचीवरून, इंग्रजी एक्ससारखी जाड चौकट नेली आहे. इंजिन पुढच्या चाकांच्या आसामागे सरकवलंय, त्यामुळे साडेबाराशे किलोच्या आसपासचं वजन पुढे-मागे निम्मं निम्मं. छप्पर सहाएक सेकंदांत दुमडतं. आणि ६००० च्या खाली ही गाडी चक्क सामान्य आहे. पहिले काही दिवस मला वाटलं, फसवलं आपल्याला. मग एका डोंगराळ रस्त्यावर इंजिन नीट तापल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय तसाच दाबून धरला. सहा हजारांवर आवाज बदलला. पिन सरकली होती. मी एकटीच होते, मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते इथे बाईंसमोर सांगता येणार नाही.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून एक विनंती आहे. जिना अजून तोच आहे, सकाळी मोजून आले, २४ पायऱ्या. माझं वजन आता ६४ किलो, आणि कालच गुडघ्याला मलम लावलंय. जेवणाला अजून वीस मिनिटं आहेत. घड्याळ मी आणलंय. या वेळी ते तुम्ही धरा, आणि वही दांडग्याकडे द्या.