क्रिकेट, प्रक्षेपण आणि प्रेक्षकाचे शिक्षण
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



२१ जानेवारी २०२३ रोजी नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह क्रीडांगणावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय सामना झाला. या क्रीडांगणावरील तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. न्यूझीलंडचे निम्मे गडी अवघ्या १५ धावांत तंबूत परतले, सारा संघ १०८ धावांत आटोपला आणि भारताने आठ गडी राखून विजय मिळविला. महंमद शमीने १८ धावांत तीन बळी टिपले. तरीही त्या दिवसाची एक चित्रफीत फार हौसेने पाहिली गेली. नाणेफेक जिंकल्यावर काय निवडायचे, हेच कर्णधार रोहित शर्माला काही क्षण आठवेना, त्या प्रसंगाची ती चित्रफीत!

हे क्रीडांगण रायपूरच्याच परिसरातले. तरी उरला-बीरगांवच्या बहुतेक घरांना तो सामना भेटला तो पडद्यावरच. मैदान शेजारी असो वा सातासमुद्रापलीकडे, काय पाहायचे आणि काय लक्षात ठेवायचे हे कॅमेरा ठरवितो. म्हणूनच खेळ कसा खेळावा याबरोबरच तो कसा पाहावा, हाही आज शाळेच्या चिंतनाचा विषय ठरतो.

एके काळी क्रिकेट ऐकले जात असे. १९३४ साली मुंबईत ए. एफ. एस. तल्यारखान यांनी नभोवाणीवरून सामन्याचे वर्णन केले आणि या देशात समालोचनाची परंपरा रुजली. पुढे महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेल्या बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचन लोकप्रिय केले. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक, निर्धाव षटक हे शब्द मराठी माणसाच्या ओठी रुळले, यात अशा समालोचनाचा वाटा मोठा आहे. श्रोत्याला मैदान स्वतःच्या मनात उभे करावे लागे; ऐकणे हीदेखील एक मेहनतच होती. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या विक्रमाला अवघ्या नऊ धावा उरल्या असताना प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळण्यास नकार दिला. दूरचित्रवाणी नसलेल्या त्या काळातील ही खेळी वृत्तपत्रांनी आणि क्रिकेटरसिकांच्या गप्पांनी आजवर जिवंत ठेवली आहे.

तथापि जुन्या काळाचे गोडवे गाताना त्या काळची ओढग्रस्त विसरणे अन्यायाचे होईल. १९८३ साली विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस देण्यासाठी नियामक मंडळाच्या तिजोरीत पुरेसा पैसा नव्हता. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम करून निधी उभारून दिला, तेव्हा प्रत्येक खेळाडूच्या हाती एक लाख रुपये पडले. खेळाडूला खेळावर पोट भरता यावे, ही व्यावसायिक क्रिकेटची मोठी देणगी आहे. भिलाईत जन्मलेला आणि छत्तीसगडकडून खेळणारा शशांक सिंग २०२४ च्या आयपीएलमध्ये पंजाब किंग्जसाठी सामने जिंकून देतो, तेव्हा या प्रदेशातील मुलांच्या आकांक्षांना पंख फुटतात. त्यात गैर काहीच नाही.

हा पैसा येतो मात्र प्रक्षेपणातून. १९९३ च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून वाद उद्भवला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, प्रक्षेपणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००७ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण प्रसार भारतीलाही देणे बंधनकारक झाले. दुसरीकडे आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढी किंमत कशाची? फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटे खेळ अखंड चालतो. क्रिकेटमध्ये दर सहा चेंडूंनंतर विराम येतो. त्या प्रत्येक विरामात जाहिरात बसते. आयपीएलमध्ये तर प्रत्येक डावात अडीच मिनिटांचे दोन विराम निराळे ठेवलेले आहेत. सामना प्रेक्षकाला दाखविला जातो आणि प्रेक्षकाचे लक्ष जाहिरातदाराला विकले जाते.

या बाजारानेही काही चांगले केले. २०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएलचे समालोचन बारा भाषांत दिले. त्यांत मराठी होती. केदार जाधव मराठीतून समालोचन करता करताच बंगळूर संघाच्या बोलावण्यावरून पुन्हा मैदानात उतरला. घरात मराठी जपणाऱ्या बीरगांवच्या कुटुंबांना त्याचे अप्रूप वाटले, तर नवल नाही. मात्र याच गल्ल्यांत बोलली जाणारी छत्तीसगडी त्या बारांत नव्हती.

खरी चिंता याहून गंभीर आहे. ज्या भिलाईने शशांक सिंग दिला, त्याच भिलाईपर्यंत महादेव या सट्टेबाजीच्या ॲपच्या चौकशीचे धागे पोहोचले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने या ॲपसह बावीस ॲप व संकेतस्थळांवर बंदी घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तोवर अशाच व्यवसायातील एका कंपनीचे नाव भारतीय संघाच्या गणवेशावर झळकत होते. आवडत्या खेळाडूच्या छातीवरील नाव वाईट असेल, हे बारा वर्षांच्या मुलाला कसे कळावे? कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाच्या भ्रमणध्वनीवरून एका रात्रीत महिन्याची कमाई जाऊ शकते. कायद्याने दार लावले, तरी खिडक्या उघड्याच राहतात. पुढचा चेंडू कसा पडेल, या कुतूहलाची जागा पुढच्या चेंडूवर किती मिळतील या हिशेबाने घेतली, की खेळ संपला.

यावर शाळेपाशी जालीम औषध नाही. साधा, घरगुती उपाय मात्र आहे. शाळेच्या सामन्यात प्रत्येक वर्गाचा एक गुणलेखक असावा, त्याने चेंडूगणिक नोंद ठेवावी. एका विद्यार्थ्याने मराठीतून, दुसऱ्याने छत्तीसगडीतून समालोचन करावे. ज्याने स्वतः वर्णन केले आहे, त्याला दुसऱ्याच्या वर्णनात काय गाळले गेले ते चटकन उमगते. पडद्यावरील सामना पाहताना मुलांनी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : कॅमेऱ्याने काय दाखविले नाही? विरामात काय विकले जात आहे? त्याचा पैसा कोणाच्या खिशातून जाणार आहे? पालकांनी शेजारी बसून या प्रश्नांची उत्तरे मुलांसह शोधावीत.

या शाळेतून उद्या एखादा आंतरराष्ट्रीय खेळाडू घडेल किंवा घडणारही नाही. परंतु इथून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी आयुष्यभर प्रेक्षक राहणार आहे. त्याची नजर विकत घेणारे पुष्कळ आहेत. ती शाबूत ठेवण्याचे बळ त्याला इथे लाभावे, हीच हीरक महोत्सवी वर्षातील सदिच्छा.