लग्नसंस्कार देणारा कोण?



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी सभेंत कुटुंबजीवनाविषयीं चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हां आम्ही प्रथम मागेंच सरलों. विषय धर्मगुरूंचा, आमच्यासारख्या प्रपंचांत बुडालेल्या मनुष्यानें त्यांत काय सांगावें? पण फादर म्हणाले कीं, बुडालेलाच मनुष्य पाहिजे, कांठावरून बोलणारे पुष्कळ मिळतात. तेव्हां आमचा नाइलाज झाला.

आपल्या वाडींत कोणासही विचारा, "तुमचें लग्न कोणीं लावलें?" तो अमक्या फादरांचें नांव सांगेल. बोलण्यापुरतें तें ठीक आहे. परंतु आपल्या लॅटिन परंपरेची शिकवण निराळी आहे. पापांची क्षमा धर्मगुरू उच्चारतात, मिस्साबलि धर्मगुरू अर्पितात. पण विवाहाचा संस्कार नवरा नवरीला देतो आणि नवरी नवऱ्याला देते. वेदीपुढें उभे असलेले धर्मगुरू हे ख्रिस्तसभेच्या वतीनें दोघांची संमति विचारून घेणारे साक्षी व आशीर्वाद देणारे होत. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें लग्नास धर्मगुरू व साक्षीदार हजर असलेच पाहिजेत असा नियम केला, तो चोरून होणाऱ्या लग्नांस आळा घालण्यासाठीं. एकांतांत वचन देऊन पुढें तें नाकबूल करणारे पुरुष त्या काळीं थोडे नव्हते, आणि त्यांत नुकसान होई तें स्त्रियांचें. परंतु संस्काराचे दाते कोण, ही गोष्ट त्या नियमानें बदलली नाहीं.

ही शिकवण आम्हांस तरुणपणीं कोणी नीट समजावून सांगितली असती, तर आमचीं पुष्कळ वर्षें फुकट गेलीं नसतीं. कारण तिचा अर्थ फार खोल आहे. वहींत सह्या झाल्या कीं धर्मगुरूंचें त्या दिवसाचें काम आटोपतें. दात्यांचें काम तेथून सुरू होतें. पहांटेच्या गाडीनें भाजी, फुलें घेऊन दादरला जाणारी स्त्री आणि रात्रीं विरार लोकलच्या गर्दींतून चुरगळून येणारा तिचा नवरा, हीं दोघें दिवसांतून एखादा तास समोरासमोर येतात, त्या तासांत त्यांनीं एकमेकांस काय दिलें, हाच त्यांच्या संस्काराचा विधि. संत पौल एफेसकरांस लिहितांना पतिपत्नीचें नातें ख्रिस्त आणि ख्रिस्तसभा यांच्या नात्याशीं जोडतो. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्या पत्रांतील स्त्रियांनीं पतीच्या आज्ञेंत राहण्याचें वाक्य आमच्या पुरुषमंडळींस मुखोद्गत असतें; पण त्याच्या अगोदरच्या वचनांत सर्वांनींच एकमेकांच्या अधीन असावें असें आहे, व पुढें पतीनें ख्रिस्ताप्रमाणें स्वतःस अर्पून द्यावें असें आहे, तें मात्र आम्ही सोयिस्करपणें विसरतों.

पोप तेरावे लिओ यांनीं १८८० सालीं, अकरावे पायस यांनीं १९३० सालीं, दुसरे जॉन पॉल यांनीं १९८१ सालीं आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ सालीं या विषयावर मोठीं पत्रें लिहिलीं. तीं सर्व येथें उलगडणें आमच्या आवांक्याबाहेरचें आहे. १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें कुटुंबास घरगुती ख्रिस्तसभा म्हटलें, एवढें लक्षांत ठेवूं. हा विचार नवा नाहीं; चौथ्या शतकांत संत योहान ख्रिसोस्तोम घराला लहानसें देऊळ करा असाच उपदेश करीत असे. त्याच्याही पूर्वीं अक्विला व प्रिस्किल्ला हें तंबू शिवणारें जोडपें होतें. त्यांच्या घरांतच भाविक जमत, आणि पौलानें त्यांच्याबरोबर राहून तोच धंदा केला. तिमथ्याला विश्वास कोठून मिळाला तेंही पौल सांगतो: लोईस ही आजी आणि युनीके ही आई.

आपल्या वसईचेंच पाहा. १७३९ सालीं किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले, कित्येक देवळें ओसाड पडलीं, आणि जे थोडे एतद्देशीय पाद्री राहिले त्यांच्या वांट्याला गांवेंच्या गांवें आलीं. तरीही श्रद्धा विझली नाहीं. अंगणांतल्या क्रुसापाशीं दिवा लावून जपमाळ म्हणणाऱ्या आज्या तेव्हां नसत्या, तर आज आम्ही कोणता महोत्सव साजरा करीत होतों, याचा विचार करावा.

कोणी म्हणेल, नाझरेथचें पवित्र कुटुंब कोठें आणि आमचें कोठें! त्या कुटुंबाच्या चित्रांनीं आमची थोडी फसगत केली आहे खरी. चित्रांत सारें शांत असतें. शुभवर्तमानांत तसें नाहीं. मुलगा बरोबरच्या मंडळींत असेल असें समजून आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले. शोध लागेपर्यंत तीन दिवस गेले. सांपडल्यावर आईनें जाब विचारला, मुलानें उत्तर दिलें, आणि तें उत्तर त्यांना समजलें नाहीं, असें लूक स्पष्ट लिहितो. योसेफाच्या तोंडचा तर एकही शब्द चारी शुभवर्तमानांत नाहीं. न समजतांही तीं तिघें एका वाटेनें घरीं परत आलीं. आम्हांस तें पावित्र्य त्या चित्रांतल्या शांततेहून अधिक जवळचें वाटतें.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगतों. लाज वाटते, पण सांगतों. वडील वारल्यावर वाटणी झाली, आणि विहिरीलगतच्या बांधावरून आमचें व थोरल्या भावाचें बिनसलें. जमिनीला बंगल्याचा भाव येऊं लागला तेव्हांपासून आपल्याकडे असे तंटे किती झाले तें आपण जाणतांच; बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन त्यांना माहेर तोडणारीं घरेंही आपल्याच बांकांवर बसतात. मधली भिंत एक, दारें दोन. रोज सायंकाळीं साडेसातास भिंतीच्या या बाजूस आम्ही जपमाळ म्हणत असूं, त्या बाजूस भाऊ म्हणत असे. दोन्हीकडे तीच प्रार्थना, अपराध्यांस क्षमा करण्याची. आई कोणाकडेच बसेना. ती मध्यें अंगणांत पाट टाकून बसे, आणि दोन्ही घरांच्या प्रार्थनेला उत्तर देई. कधीं याचें, कधीं त्याचें. एक घर पुढें गेलें कीं तिचा गोंधळ उडे. असें तीन वर्षें चाललें.

एका मे महिन्यांत वीज गेली होती. अंधारांत आईचा आवाज आला, "बाबांनो, मला आतां दोन माळा झेपत नाहींत. एकदम म्हणा, नाहीं तर मी उत्तर देणार नाहीं." बराच वेळ दोन्हीकडे कोणी बोललें नाहीं. मग आमच्या वहिनी कंदील घेऊन बाहेर आल्या व अंगणांत बसल्या. त्यांच्यामागून मुलें आलीं. आम्ही आणि भाऊ शेवटीं आलों, आणि एकमेकांकडे न पाहतां बसलों. बांधाचा तंटा त्यानंतरही दोन वर्षें मिटला नव्हता, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण त्या रात्रीपासून माळ एकच झाली.

त्या तीन वर्षांत आमच्या दारीं येऊन कोणीं कांहीं विचारलें नाहीं. हा दोष कोणा एकाचा नव्हे. आपल्याकडे लग्नाअगोदर वधूवरांस शिबिराला पाठवितात, तें चांगलेंच आहे. पण त्या दिवसांत दोघें एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहत असतात, व्याख्यानाकडे नव्हे! खरी गरज पुढें लागते: पहिलें मूल आजारी पडतें तेव्हां, नोकरी सुटते तेव्हां, बाटली घरांत येते तेव्हां, सासूसुनेचें पटेनासें होतें तेव्हां. पोप फ्रान्सिस यांनीं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत अनुभवी जोडप्यांनीं सोबत करावी असें सुचविलें आहे. ज्यांचा संसार मोडला आहे त्यांनाही ख्रिस्तसभेबाहेरचे समजूं नये, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. विधवा भगिनी, अविवाहित मंडळी, परधर्मीय जोडीदाराबरोबर संसार करणारे, हीं घरेंही घरेंच आहेत. त्यांच्या दारांवरून आम्ही किती वेळां पुढें गेलों आहों!

म्हणून फादरांच्या संमतीनें आम्हीं एक साधी गोष्ट योजिली आहे. धर्मग्रामांत लग्न होईल त्या जोडप्याच्या घरीं वाडींतील एका जुन्या जोडप्यानें पहिलीं तीन वर्षें महिन्यांतून एकदां जावें. उपदेश करूं नये. चहा घ्यावा, विचारपूस करावी, शक्य झालें तर दहा मण्यांची तरी माळ म्हणावी, आणि ऐकलेलें बाहेर बोलूं नये. हा शेवटचा नियम सर्वांत कठीण आहे, हें गांवकऱ्यांस सांगावयास नको.

त्यासाठीं एक वही देवळाच्या दारापाशीं मेजावर ठेविली आहे. ज्यांस नांव घालावयाचें त्या पतिपत्नींनीं मिळून घालावें. एकट्याची सही चालणार नाहीं. पहिल्या ओळींत आमचें व आमच्या पत्नीचें नांव आहे, तें मोठेपणासाठीं लिहिलेलें नाहीं. कोरी वही पाहून कोणी संकोचूं नये, एवढ्याचसाठीं. दुसऱ्या ओळींत भावाचें व वहिनींचें आहे.