कर्जाचं कारण : शिक्षण

अंबरनाथच्या एमआयडीसीजवळच्या वस्तीतून आम्ही बोलतोय. आमच्या बचत गटात 11 जणी आहोत. कुणी कंपनीत पॅकिंगला जाते, कुणी कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते, कुणी घरीच शिवणकाम करते.

मागच्या वर्षी जूनच्या बैठकीत आमच्यातल्या एकीने 12 हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "एमए करायचंय. मग सेट द्यायची. मला कॉलेजात शिकवायचंय." वय 36, दोन मुलं, बीए होऊन 14 वर्षं झालेली. क्षणभर कुणी बोललंच नाही. मग एक जण म्हणाली, "मशीन घेतलं तर पुढच्या महिन्यापासून हप्ता निघतो. पुस्तकातून काय निघणार?" खोटं कशाला बोला, आम्हा बऱ्याच जणींच्या मनात तेच होतं.

तेव्हा गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी बोलल्या. "लग्नाला कर्ज देतो, बारशाला देतो. तेव्हा विचारतो का, त्यातून काय निघणार?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. तुम्ही गावाकडच्या गटांत दशसूत्री म्हणता ना, तिच्यातही शिक्षण आहे. पण ते सूत्र आपण मुलांपुरतंच धरतो. आईचं शिक्षण त्यात बसतं, हे डोक्यातच येत नाही.

ठराव झाला. एकच अट घातली : आधी सगळी माहिती नीट काढायची. कारण याआधी ती एकदा फसली होती. "घरबसल्या वर्षात एमए, परीक्षेची काळजी नको," असं सांगून एका एजंटाने तिचे 3 हजार घेतले आणि फोन बंद केला. म्हणून या वेळी आम्ही चार जणी तिच्यासोबत मोबाइल घेऊन बसलो. जे कळलं ते तुम्हालाही सांगतो.

पहिलं, बीएड शाळेसाठी असतं. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर त्या विषयात एमए, एमकॉम, एमएस्सी अशी पदव्युत्तर पदवी लागते आणि तीत 55 टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन क्रीमीलेयर ओबीसी आणि दिव्यांग यांना 50 टक्के चालतात.

दुसरं, त्यानंतर नेट किंवा सेट. नेट देशभर चालते. आपली सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती मराठीतूनही देता येते. दोन पेपर, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची वरची अट नाही. हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. जुलै 2023 पासून या पदासाठी पीएचडीची सक्तीही राहिलेली नाही.

तिसरं, घरून केलेली पदवी चालते का? चालते. मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरावी, असं यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच काम करतंय. पण पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचंही नाव आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एजंटाच्या तोंडावर जाऊ नका.

प्रवेश झाला आणि खरी अडचण पुढे आली. तिच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी, अभ्यासाची सत्रं रविवारी! मग कंपनीतल्या मैत्रिणींशी पाळ्या बदलून घेतल्या. जमलं नाही त्या रविवारी रात्री भांडी आवरून मोबाइलवर तासाचं रेकॉर्डिंग ऐकलं. परीक्षेच्या आठवड्यात तिची मुलं आळीपाळीने आमच्या घरी जेवली. सुरुवातीला नवरा "आता या वयात?" म्हणायचा. आता तो तिच्या नोट्सची झेरॉक्स काढून आणतो.

पहिल्या वर्षाला तिला 61 टक्के पडले. हप्ता एकदाही चुकला नाही. सेट अजून व्हायचीय, आणि ती सोपी नाही. दोन्ही पेपर देणाऱ्यांतले साधारण सहा टक्केच पात्र ठरतात. पात्र झालं तरी कायमची नोकरी लगेच हातात पडत नाही. अनेक जण आधी तासिका तत्त्वावर शिकवतात. हे सगळं तिला माहीत आहे. "पण आता निदान दाराशी तरी उभी आहे," असं ती म्हणते.

सावित्रीबाईही लग्नानंतरच शिकल्या, आणि मग शिक्षिका झाल्या. आज कॉलेजात शिकवायची परीक्षा त्यांच्या नावाचं विद्यापीठ घेतं. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकच प्रश्न विचारा : आपल्यात कुणाचं शिक्षण अर्ध्यात राहिलंय? एखादा हात हळूच वर येईल. तिला हसू नका. कर्जाच्या वहीत कारणाच्या रकान्यात "शिक्षण" लिहा आणि पुढे तिचं स्वतःचं नाव लिहा.